घरातल्या तीन पाठी

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या ताई, वय 43. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतात. मार्चअखेरच्या गडबडीत एका सकाळी घागर उचलताना कंबरेत चमक भरली, ती आठ महिने झाले तरी पुरती गेलेली नाही. त्याच महिन्यात वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि दहा रात्री दवाखान्यातल्या बाकड्यावर गेल्या होत्या. एक्स-रेमध्ये 'कण्याचा बाक कमी झालाय' असं निघालं, एमआरआयमध्ये 'चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलीय' असं. ऑपरेशनची गरज नाही, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'गॅप पडलाय, आता जन्मभर जपायचं.' ताईंनी काकूंचं ऐकलं. उठल्यापासून झोपेपर्यंत पट्टा. मोबाइलवर दर पंधरा मिनिटांनी 'सरळ बस' म्हणून गजर. खाली बसून जेवणं बंद, वाकणं बंद, उचलणं बंद. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या आषाढात त्या त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाई देवीला, कळशीनं पाणी घालायला गेल्या नाहीत. वडील जुने पैलवान, रोज फोनवर 'छाती काढून बस' म्हणतात. चौदा वर्षांची लेक पोक काढून बसते म्हणून तिला खांदे मागं ओढणारा पट्टा मागवला. तिनं तो दोन दिवसांत कपाटावर फेकला आणि आईशी बोलणं सोडलं. ताई विचारतात: चुकीचं बसल्यामुळंच हे झालं का? नोकरी सोडू का? पोरीची पाठ आत्ताच सरळ कशी करू? आणि शेवटी एक ओळ: 'सासूबाई दोन वर्षांत पार वाकून निम्म्या झाल्यात. तसलं पोक मला आणि पोरीला येऊ नये, एवढंच.' खाली सही: ताठ बसून थकलेली.

ताई,

तुमच्या पत्रात तीन पाठी आहेत. तुमची, लेकीची आणि सासूबाईंची. पहिल्या दोघींवर तुम्ही चार पानं लिहिलीत, तिसरीवर एक ओळ. पत्र खाली ठेवल्यावर मला चुटपुट लागून राहिली ती त्या एका ओळीची. पण तुम्ही विचारलंय तुमच्या कंबरेबद्दल, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी एक चाळणी लावून घेऊ. ही तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक कंबरदुखीवाल्यासाठी आहे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही दिसलं तर हे सदर बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. संध्याकाळी अंगात कसर येणं, वजन उतरणं आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, असं तिन्ही एकदम असेल तर मणक्याचा क्षयरोग आपल्याकडं अजूनही होतो, हे विसरू नका. चाळिशीच्या आतला माणूस सकाळी उठल्यावर अर्धा-अर्धा तास आखडलेला राहत असेल आणि हालचालीनं मोकळा होत असेल, तर त्यानं संधिवाताच्या डॉक्टरांना भेटावं. तुम्ही लिहिल्याप्रमाणं तुम्हाला यातलं काही नाही, आणि एमआरआय बघून डॉक्टरांनी तुम्हाला घरी पाठवलंय. म्हणजे तुम्ही त्या मोठ्या गटात आहात, ज्यात कंबरदुखीचे साधारण नव्वद टक्के लोक येतात: दुखतं खरंखुरं, पण बोट ठेवून 'हे मोडलंय' असं दाखवता येत नाही. ऐकायला हे असमाधानकारक वाटतं, पण आहे ही चांगली बातमी.

आता तुमचा पहिला प्रश्न. चुकीच्या बसण्यानं झालं का?

तो प्रश्न तुम्हाला का पडला, ते मला कळतं. आपल्या भाषेतच पाठ आणि चारित्र्य एका दोरीत बांधलेत. मान ताठ ठेवून जगायचं, कुणापुढं वाकायचं नाही, ज्याला कणा नाही तो माणूसच नाही. शाळेत 'सावधान' म्हटलं की छाती पुढं. त्यामुळं पाठ दुखली की आपल्याला वाटतं आपणच कुठंतरी ढिले पडलो, आणि शिक्षा म्हणून दुखतंय. पंचवीस वर्षं मी लोकांच्या पाठी बघतेय, आणि 'मी नीट बसत नाही हो' असं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगणारी माणसं रोज भेटतात. कुणाचं दुखणं किती आहे हे त्यांच्या बसण्यावरून ओळखायचं मी कधीच सोडून दिलंय. ते ओळखता येत नाही.

कणा ही काठी नव्हे. मानेचे सात, छातीच्या मागचे बारा, कंबरेचे पाच मणके, त्याखाली एकजीव झालेलं त्रिकास्थी आणि माकडहाड. बाजूनं बघितलं तर सगळा मिळून वळणावळणाचा. बाळ जन्मतं तेव्हा पाठ पुढच्या बाजूला गोल असते. मान धरायला लागलं की मानेचा बाक येतो, उभं राहून चालायला लागलं की कंबरेचा. वाकणं, वळणं, मागं रेलणं यासाठीच हे सगळं घडलंय. मणक्यांमधल्या गाद्यांना मोठेपणी स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाब पडला, सुटला, पुन्हा पडला, या ये-जा करण्यातूनच त्यांचं पोषण होतं. रात्री आडवं झाल्यावर त्या पाणी ओढून घेतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर कधी नीट बघा. म्हशीखाली उकिडवं बसून, कंबरेतून पूर्ण गोल होऊन धार काढणारी माणसं रोज दोन वेळा तेच करतात. पुस्तकात 'चुकीचं' म्हणून छापतात तसंच त्यांचं बसणं. आणि तुमच्या वडिलांना एक विचारा माझ्यातर्फे: तालमीत जोर मारताना पाठ ताठ असायची का? जोर मारताना आधी कंबर वर आणि पाठ गोल, मग छाती जमिनीला घासत पुढं जाऊन पाठ पार मागं कमान. एका जोरात कणा या टोकापासून त्या टोकाला जातो, आणि ते शेकड्यांनी मारायचे. शाहू महाराजांच्या काळात 1912 साली उभं राहिलेलं खासबागचं कुस्तीचं मैदान ज्यांनी गाजवलं, त्यांच्या पाठी ताठ बसून घडलेल्या नाहीत. पैलवानाची छाती पुढं दिसते ती मेहनतीमुळं. आपण दिसणं तेवढं उचललं आणि मेहनत तालमीतच ठेवली.

बसण्याचा आणि दुखण्याचा काहीच संबंध नाही, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. एकाच अवस्थेत तासन् तास राहिलं की दुखतं, मग ती ताठ असो की वाकडी. आणि भार उचलताना अवघडलेल्या अंगानं, थकलेलं असताना, लक्ष दुसरीकडं असताना उचललं, तर चमक भरण्याची शक्यता बरीच वाढते. सिडनीत नुकतीच कंबर धरलेल्या 999 लोकांना 'दुखायला लागण्याआधी काय करत होता' असं विचारून हे तपासलं होतं. 2015 साली ते प्रसिद्ध झालं. आता तुमचा मार्च आठवा. दहा रात्री बाकड्यावर, वडिलांचा जीव टांगणीला, ऑफिसात वर्षाचा हिशेब मिटवायचा, आणि सकाळी घाईत नळाखालची घागर. तुमच्या पाठीनं वीस वर्षं खुर्चीत बसून तक्रार केली नाही. त्या सकाळी केली. पत्रात तुम्ही खुर्चीबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत आणि त्या दहा रात्रींबद्दल अर्धं वाक्य. मला ते उलटं असायला हवं होतं असं वाटतं. झोप मोडली आणि मन घोर लावून बसलं की दुखण्याचा आवाज मोठा होतो. दुखणं हा मनाचा खेळ आहे असा याचा अर्थ नाही. मज्जासंस्था पहारा वाढवते, एवढंच.

मग तो रिपोर्ट? तो भीती घालतो खरा. म्हणून आकडे सांगते. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा 3110 लोकांच्या तपासण्यांचा एक एकत्रित अभ्यास 2015 सालीच आला. त्यात चाळिशीतल्या अडुसष्ट टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि निम्म्या लोकांच्या फुगलेल्या. काहीही दुखत नसताना! विशीतसुद्धा तीस टक्क्यांची गादी फुगलेली असते. केस पिकतात तसं हे आहे. तुमच्या ऑफिसातल्या चाळिशीच्या दहा जणांचा उद्या एमआरआय काढला तर पाच जणांच्या रिपोर्टवर तुमच्यासारखीच ओळ येईल, आणि त्यातले काही जण संध्याकाळी फुटबॉल खेळून आलेले असतील. 'गादी सरकली' हा शब्द तर डोक्यातून काढूनच टाका. ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. 'गॅप' ही काकूंची देणगी. रिपोर्टात तो शब्दही नाही.

बाक कमी झाल्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. कंबर दुखणाऱ्यांत तो सरासरीनं थोडा कमी आढळतो, हे खरं. पण आधी काय आणि नंतर काय? पाठ दुखत असताना स्नायू आखडतात आणि बाक सपाट होतो, हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट रोज बघतो. दुखत असताना काढलेल्या फोटोत दुखण्याची खूण दिसली, म्हणून ती खूणच दुखण्याचं मूळ ठरत नाही.

आता तुमच्या सहीकडं येते. ताठ बसून थकलेली. थकणारच! केएमटीच्या बसमध्ये उभं असताना ब्रेक लागेल म्हणून आपण वरचा दांडा घट्ट धरतो. बस स्टॉपवर थांबली की हात सोडतो. तुमच्या पाठीची बस कधीच थांबलीय, पण तिनं दांडा सोडलेला नाही. दिवसभर पोट आत, खांदे मागं, त्यावर पट्टा, त्यावर गजर. गाद्यांवरच्या दाबाचं म्हणाल तर 1999 साली जर्मनीत उल्म इथं एका डॉक्टरच्या गादीतच सेन्सर बसवून मोजमाप घेतलं होतं. खुर्चीत मागं रेलून पसरल्यावर दाब उभं राहण्याच्या जवळपास निम्मा निघाला, आणि मुद्दाम ताठ बसल्यावर वाढला. माणूस एकच होता, त्यामुळं त्यावर सिद्धांत बांधायला मी जाणार नाही. पण ताठ बसलं की गादी सुखात असते, हे जे आपण गृहीत धरून चाललोय, त्याला हा एकटा माणूसही चांगलाच धक्का देतो.

तेव्हा गजर बंद करा. आजच. त्याऐवजी अर्ध्या तासानं उठायचं, एवढं एकच ठेवा. फोन आला की उभं राहून बोला, चलन द्यायला ऑफिसातल्या पोराला पाठवण्याऐवजी स्वतः स्टोअरपर्यंत जा, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल. मधल्या वेळात हवं तसं बसा. पाय वर घेऊन, मागं रेलून, एका कुशीवर कलून. महागडी खुर्ची घेऊ नका. त्या पैशात चांगले बूट येतील, आणि वर बरेच उरतील.

पट्टा एका झटक्यात काढू नका. आठ महिने त्याची सवय झालीय, एकदम काढला तर दोन दिवसांत घाबरून पुन्हा घालाल. पहिल्या आठवड्यात घरात काढायचा, दुसऱ्यात ऑफिसात दुपारपर्यंत, तिसऱ्यात फक्त स्कूटरवर, चौथ्यात कपाटावर, लेकीच्या पट्ट्याशेजारी. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कंबरेचे पट्टे आणि वजनं लावून ओढ देणं हे दोन्ही 'वापरू नये' या यादीत आहे. 'करावं' या यादीत व्यायाम आहे आणि आपल्या दुखण्याबद्दल नीट समजून घेणं आहे.

नोकरी सोडायची का? नाही. तुमच्या पत्रात कुठंही काम नकोसं झाल्याचं दिसलं नाही. उलट फौंड्रीतल्या लोकांबद्दल तुम्ही जिव्हाळ्यानं लिहिलंय. घरी बसलात तर पाठीकडं लक्ष द्यायला आठ तास जास्तीचे मिळतील, आणि ते या पाठीला परवडणारे नाहीत. साहेबांशी एवढंच बोला की, येत्या मार्चअखेरीस महिनाभर कुणीतरी हाताखाली द्या. दुखण्याचं कारण सांगून सवलत मागायला आपल्या बायकांना फार लाज वाटते. पुरुष क्रिकेट खेळताना पाय मुरगळला तरी आठवडाभर रजा टाकतात.

चालणं सुरू करा. हा सल्ला फुकटातला वाटतो म्हणून लोक तो घेत नाहीत, म्हणून पुरावा देते. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 लोकांवर एक चाचणी झाली, ती 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. न चालणाऱ्यांची कंबर साधारण 112 दिवसांनी पुन्हा दुखली, चालणाऱ्यांची 208 दिवसांनी. तुम्हाला तर रंकाळा तलाव आहे. पहिल्या आठवड्यात संध्यामठाकडून दहा मिनिटं जाऊन परत या, वेळ दर आठवड्याला थोडी वाढवा. संपूर्ण फेरी हे संक्रांतीपर्यंतचं काम समजा. परत येताना चौपाटीवर भेळ खाल्लीत तरी पाठीची काही हरकत नसते.

वाकण्याची भीती चालण्यानं जाणार नाही, ती वाकूनच जाईल. सकाळी उठल्याउठल्या पाठ आखडलेली असते, म्हणून दुपारनंतर सुरू करा. आधी खुर्चीत बसून हात पावलांपर्यंत न्या, दहा वेळा. जमलं की उभं राहून. मग पाटावर मांडी घालून पाच मिनिटं बसा, पुढच्या आठवड्यात अख्खं जेवण. थोडं दुखेल. दुखणं सोसण्याइतकं असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीच्या पातळीवर येत असेल, तर ते चालतं. त्याचा अर्थ नासधूस होतेय असा नाही. दोन दिवस रेंगाळलं तर एक पायरी मागं या, सोडून देऊ नका. मधेच एखाद्या आठवड्यात कंबर धरेलही. तेव्हा शेक घ्या, एक-दोन दिवस कमी करा आणि पुन्हा तिथूनच सुरू करा. सासूबाई म्हणाल्या पायाळू माणसाची लाथ लावून घे, तर घ्या बापड्या; फक्त ती हळू लागेल असं बघा.

आणि घागर. पुढचा आषाढ यायला अजून सात-आठ महिने आहेत, आणि एवढा वेळ पुरून उरतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं सोपं वजन जिममध्येही मिळत नाही. कळशी घ्या, त्यात दोन लिटर पाणी भरा, ओट्यावरून उचलून ओट्यावर ठेवा. एक दिवसाआड, आठ-दहा वेळा. आठवड्याला अर्धा लिटर वाढवा. पाच लिटर सहज झाले की कळशी स्टुलावरून उचलायची, मग जमिनीवरून. कसं उचलायचं, गुडघ्यातून की कंबरेतून, यावर फार डोकं लावू नका. उचलण्याचं 'तंत्र' शिकवून पाठदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वजन अंगाजवळ ठेवा, घाईत उचलू नका, आणि रात्र जागून काढली असेल त्या दिवशी उचलू नका. पी ढबाक वाद्यांच्या ठेक्यावर पंचगंगेपासून टेंबलाईच्या टेकडीपर्यंत कळशी डोक्यावर घेऊन जाणं हे तुम्ही देवाचं म्हणून करत होतात. मी ते मणक्याचं औषध म्हणून लिहून देतेय.

आता लेक. तिनं पट्टा फेकला, याबद्दल मी तिच्या बाजूनं आहे.

चौदाव्या वर्षी मुली पोक का काढतात, हे आपण आपलं चौदावं वर्ष आठवलं तरी कळतं. वर्गात सगळ्यांत उंच असणं, छाती भरणं, मुलांच्या नजरा. खांदे पुढं येतात ते लपण्यासाठी. त्यावर खांदे मागं ओढणारा पट्टा म्हणजे जे ती लपवतेय ते पुढं कर, असं रोज सकाळी सांगणं. ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या सतरा वर्षांच्या 1108 मुलामुलींच्या बसण्याची मोजमापं घेतली होती. मान पुढं काढून बसणाऱ्यांची मान इतरांपेक्षा जास्त दुखते, असं त्यात निघालं नाही. दप्तराचंही तेच, दप्तरानं मुलांची पाठ बिघडते याला ठोस पुरावा सापडलेला नाही. तरी केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणातली मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा मला आवडते, कारण खांदे दुखतात हे तर आहेच.

एक गोष्ट मात्र एकदा तपासून बघा. तिला पाय जुळवून, हात लोंबते सोडून पुढं वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? उभी असताना एक खांदा वर, कुडत्याचा घेर एका बाजूला तिरका? तसं असेल तर कणा बाजूला वळलेला असू शकतो. वयात येताना मुलींमध्ये तो झपाट्यानं वाढतो, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना लवकर दाखवायचं. तसंच पालथं झोपल्यावरही पाठीची गोलाई सपाट होत नसेल, ताठरच राहत असेल, तरी दाखवा. पालथं झोपल्यावर पाठ सरळ होत असेल तर ती ठीक आहे, तिचा पिच्छा सोडा. 'सरळ बस' हे दोन शब्द महिनाभर घरात उच्चारायचे नाहीत, आजोबांनीही नाही. त्यांना बोलायचंच असेल तर रविवारी येऊन नातीला बैठका शिकवाव्यात. नाहीतर तिला फुटबॉलला घाला, या गावात चेंडूला लाथ मारायला जागा शोधावी लागत नाही. जी मुलगी मैदानावर अंग झोकून खेळते ती खांदे लपवायचं हळूहळू विसरते. आणि तिच्याशी बोलणं सुरू करायला माफी मागा. पट्टा मागवल्याची. मला वाटतं, तिला एवढंच हवंय.

आता ती शेवटची ओळ. 'दोन वर्षांत पार वाकून निम्म्या झाल्यात.'

ताई, हे पोक आणि तुमच्या लेकीचं पोक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सासूबाई तरुणपणी कशाही बसल्या असत्या तरी. उतारवयात, विशेषतः बायकांत, दोन-चार वर्षांत उंची कमी होऊन पाठ गोल होत गेली, तर पहिला संशय हाडं ठिसूळ होऊन मणके दबल्याचा घ्यायचा. मणका दबायला पडावंच लागतं असं नाही. बादली उचलताना, खोकताना, रिक्षा खड्ड्यात आदळताना तो दबतो. चार दिवस पाठ दुखते, बाई अंगाला तेल लावून घेते, घरचे म्हणतात 'वय झालं', आणि विषय संपतो. असे बहुतेक मणके कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पण एक दबला की दुसरा दबण्याची भीती वाढते. पोक वाढलं की फुप्फुसाला जागा कमी पडते, पोट दाबलं जाऊन थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं, तोल पुढं गेल्यानं पडण्याचा धोका वाढतो, आणि पडलं की खुबा. शरीराच्या ठेवणीचा माणसाच्या रोजच्या जगण्याशी सगळ्यांत घट्ट संबंध असतो तो इथं. आणि इथंच आपण कानाडोळा करतो, कारण म्हाताऱ्या बाईनं वाकायचंच असतं असं आपण धरून चालतो.

त्यांना भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभं करा. नजर समोर ठेवून डोकं भिंतीला लागतं का? जी फळी त्या पूर्वी हात लावून काढायच्या, तिथं आता हात पोचतो का? तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची कमी झाली असेल तर तपासणी हवीच. सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या त्याच डॉक्टरांकडं न्या. एक्स-रे, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि काही रक्ततपासण्या सांगतील. दुसरं काही कारण नाही ना, हेही त्यातच कळतं. हाडं ठिसूळ निघाली तर त्यावर चांगली औषधं आहेत. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या दुकानातून आणून समाधान मानू नका. आणि तुम्हाला मी वर जे वाकायला आणि उचलायला सांगितलंय ते त्यांच्यासाठी नाही. तपासणी होईपर्यंत त्यांनी पुढं वाकून वजन उचलायचं नाही, नदीत वाकून तांब्या भरायचा नाही. न्हाणीघरातली फरशी कोरडी ठेवा, रात्री दिवा लावून ठेवा.

तुम्हाला पोकाची भीती वाटते ती खोटी नाही; फक्त खुर्चीकडं बोट दाखवते, ते चुकतं. आपल्याकडं पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते आणि त्यानंतरच्या पाच-दहा वर्षांत हाडं सगळ्यांत वेगानं विरळ होतात. तुम्ही 43च्या आहात. हाडांना भार लागतो. चालण्याचा, चढण्याचा, कळशीचा. पट्टा बांधून आठ महिने काहीच न उचलणं ही सासूबाईंच्या पोकाकडं जाणारी वाट आहे, त्यापासून लांब नेणारी नव्हे.

येत्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन जा. त्या म्हणतील, 'मला काय धाड भरलीय, तुझीच कंबर बघ.' ऐकू नका. जाताना त्यांचा पाच-सहा वर्षांपूर्वीचा, उभ्यानं काढलेला एखादा फोटो सोबत न्या, कुणाच्या लग्नातला वगैरे, ज्यात त्या तुमच्या शेजारी उभ्या असतील. तुमच्या खांद्यापर्यंत त्या तेव्हा कुठं येत होत्या आणि आता कुठं येतात, ते डॉक्टरांना एका नजरेत दिसेल.